आओनाख एगाख: खाली रस्ता दिसतो, मग मधूनच उतरता का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सह्याद्रीत बरीच वर्षं भटकलेला चौघांचा गट जूनमध्ये स्कॉटलंडला निघालाय. हायलँड्समधल्या ग्लेनको दरीच्या उत्तर अंगाला आओनाख एगाख नावाची धार आहे, ती त्यांना करायची आहे. नकाशात मुख्य धार जेमतेम दोन किलोमीटर भरते, उंची हजार मीटरच्या आत आणि खाली धारेला समांतर डांबरी रस्ता. ‘मग हिचा एवढा बोलबाला कशासाठी? आणि पाऊस आला किंवा कुणी दमलं तर मधूनच रस्त्यावर उतरता येईल ना?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. पूर्वेकडच्या आम बोडाखवरून एकदा खाली उतरलात की पश्चिमेचं स्टोब कोर लेह येईपर्यंत दक्षिणेला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, एकही सुरक्षित वाट नाही. हे वाक्य इथल्या प्रत्येक मार्गदर्शिकेत असतं आणि दरवर्षी कुणीतरी ते खोटं ठरवायला जातं. मी भूशास्त्र शिकलो आणि आता पंधरा वर्षं लोकांना या डोंगरांत घेऊन जातो, म्हणून नुसतं ‘जाऊ नका’ म्हणण्यापेक्षा असं का आहे ते सांगतो. कारण कळलं की वर गेल्यावर मोह होत नाही.

धारेचं नावच बोलकं आहे. गेलिक भाषेत आओनाख म्हणजे डोंगराची लांबट धार आणि एगाख म्हणजे खाचा पडलेली. करवतीसारखी धार म्हणा. पूर्वेकडून शिखरं अशी: आम बोडाख (९४३ मीटर, अर्थ ‘म्हातारा’), म्याल जेराग (९५३, ‘तांबडा डोंगर’), स्टोब कोर लेह (९४०) आणि शेवटी सगळ्यांत उंच स्गोर नाम फिआनी (९६७). शेवटचं नाव दंतकथांमधल्या फिआना योद्ध्यांवरून पडलंय. उच्चार मी कानाला येतात तसे लिहितोय, स्थानिक माणूस हसेल, हसू द्या. म्याल जेराग आणि स्गोर नाम फिआनी या दोघांची गणना ‘मन्रो’मध्ये होते. तीन हजार फुटांवरची म्हणजे ९१४ मीटरच्या वरची जी शिखरं स्वतंत्र मानली जातात, त्यांची यादी सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये काढली. आज यादीत २८२ शिखरं आहेत. ती सगळी पुरी करणारे पहिले मानले जातात ते रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन. त्यांचं शेवटचं शिखर हेच म्याल जेराग, साल १९०१. माथ्यावरच्या दगडांच्या राशीचं त्यांनी आधी चुंबन घेतलं आणि मग बायकोचं, असं सांगतात.

आता उंचीबद्दल. कळसूबाई १६४६ मीटर, तिच्यापुढे ९६७ म्हणजे किरकोळ, असं वाटणं साहजिक आहे. पण कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच बरंच उंचावर वसलंय. ग्लेनको दरी समुद्राच्या पातळीला जाऊन मिळते. दरीच्या तोंडाशी लोख लेवन आहे. त्याला लोख (म्हणजे तळं) म्हणत असले तरी ती समुद्राची आत घुसलेली खाडी आहे, भरती-ओहोटी गावापर्यंत येते. तिथून मोजलं तर ९६७ मधला जवळजवळ प्रत्येक मीटर पायांनाच भरावा लागतो.

ही धार कशी झाली हे सांगताना मला सह्याद्रीचा फार उपयोग होतो, कारण मूळ माल दोन्हीकडे ज्वालामुखीचाच. मात्र तुमच्या ओळखीचा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिला, थरावर थर आडवे पसरत गेले. पुढे नद्यांनी ते कापले. म्हणून सह्याद्रीत पायऱ्या दिसतात: एक कातळकडा, मग झाडीचा पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर, वर सपाट माथा. आपल्या भटकंतीचं सगळं गणित त्या पदरावर चालतं. धारेवरून पुढे जाता आलं नाही की पदरात उतरायचं, आडवं मारायचं, पुढच्या नाळेने वर यायचं.

ग्लेनकोचा ज्वालामुखी सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचं पोट रिकामं होत गेलं तसा वरचा जमिनीचा गोलसर तुकडा एका वर्तुळाकार भ्रंशावरून, म्हणजे खडकातल्या सरकत्या भेगेवरून, खाली खचला. अशा खचण्याचा नीट उलगडा जगात पहिल्यांदा इथेच झाला. क्लॉ, मॉफ आणि बेली या तिघा भूशास्त्रज्ञांनी १९०९ मध्ये तो मांडला आणि त्यानंतर पाठ्यपुस्तकांत ग्लेनको कायमचं बसलं. धारेच्या पूर्वेला, डेव्हिल्स स्टेअरकेस या जुन्या लष्करी वाटेजवळ, स्टोब विक वार्टिन नावाचं छोटं शिखर आहे. भ्रंशाची रेघ तिथे उघड्यावर बघता येते: एका हाताला जुने स्फटिकी खडक, दुसऱ्या हाताला भ्रंशात घुसलेला अग्निजन्य खडक आणि मध्ये भरडून काचेसारखी काळी पडलेली पट्टी. मी लोकांना तिथे हात लावायला लावतो. पश्चिम टोकाला ‘पॅप ऑफ ग्लेनको’ म्हणून ७४२ मीटरचं टुमदार टेकाड दिसतं, ते तर क्वार्टझाइटचं, ज्वालामुखीशी त्याचा संबंध नाही. म्हणजे एका दिवसाच्या चालीत तुम्ही ज्वालामुखीच्या आत असता आणि संध्याकाळी बाहेर पडता.

जे आत खचलं ते तगलं. आजूबाजूचा, वरचा सगळा ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांत झिजून वाहून गेला, पण खाली गेलेला हा तुकडा उरला. आओनाख एगाखचे ऱ्हायोलाइट आणि अँडेसाइट हे ज्वालामुखीचे खडक त्यातलेच. धारेवरून दक्षिणेला समोर आओनाख डूची पश्चिम भिंत दिसते, तिच्यावर आडवे पट्टे आहेत, खाली अँडेसाइट आणि वर ऱ्हायोलाइट. ते बघून सह्याद्रीवाल्याला एकदम घरच्यासारखं वाटतं. तिथेच फसगत होते.

कारण मग बर्फ आला. पूर्वेला रॅनख मूर म्हणून मोठं दलदलीचं माळरान आहे, हिमयुगांत त्याच्यावर बर्फाचा प्रचंड साठा होता. तिथून जीभ बाहेर काढावी तशा हिमनद्या चहूकडे निघाल्या. एक ग्लेनकोतून उतरली, एक उत्तरेच्या लोख लेवनच्या खोऱ्यातून. दोघींच्या मध्ये जी भिंत उरली ती ही धार. नदी दरीचा तळ कापते, बाजू हळूहळू ढासळत राहतात. हिमनदीचं तसं नसतं, ती अख्खी दरी भरून सरकते आणि भिंत वरपासून खालपर्यंत रंधा मारल्यासारखी तासते. पदर असता तरी तो तासला गेला असता. समोरच्या बाजूला याचा पुरावा टांगलेला आहे, अगदी शब्दशः: ‘थ्री सिस्टर्स’ या तीन सोंडांच्या मधल्या दऱ्या मुख्य दरीच्या तळाशी येऊन मिळत नाहीत, वरच अधांतरी संपतात. मोठी हिमनदी खोल गेली, उपनद्या मागे राहिल्या. त्यातल्याच एका दरीच्या तोंडाशी दरड कोसळून ती बाहेरून दिसेनाशी झालीय, ग्लेनकोचे मॅकडोनाल्ड लोक तिथे गुरं दडवत, म्हणून तिला हरवलेली दरी म्हणतात.

मग दात कुठून आले? बर्फाची शेवटची चाल साधारण १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीची. तेव्हा बर्फ दऱ्यांत होता, पण माथे त्याच्या वर उघडे होते. बर्फाखाली खडक तासला जातो, बर्फाबाहेर तो फुटतो. दिवसा फटीत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, पाचर ठोकल्यासारखी फट रुंदावते. खडकात सांधे होते, उभे डाईक (भेगांत वितळलेला खडक घुसून गोठलेल्या पट्ट्या) होते, फूट तिथून सुरू झाली. सह्याद्रीत कितीतरी ठिकाणी डाईक शेजारच्या खडकापेक्षा चिवट निघतो आणि भिंतीसारखा उभा राहतो. इथे बऱ्याचदा उलटं होतं. डाईक आधी जातो आणि त्याच्या जागी घळ पडते. ग्लेनकोमधल्या पुष्कळ घळी अशा डाईकांच्या रेषेत आहेत. धारेवर तुम्ही खाचेत उतरून पलीकडच्या सुळक्यावर चढता तेव्हा कमकुवत खडकाची गेलेली जागा ओलांडत असता.

आता तुमच्या ‘मधूनच उतरू’कडे येतो. म्याल जेरागच्या पुढे एका ठिकाणी दक्षिणेला छान गवताळ उतार दिसतो. गवत, त्याच्याखाली थेट रस्ता, रस्त्यावर खेळण्यातल्यासारख्या गाड्या. मधलं काही दिसतच नाही, आणि गोम तिथेच आहे. वरचा तुकडा बाहेरच्या बाजूला फुगलेला, त्यामुळे खालचा कडा नजरेच्या टप्प्याबाहेर जातो. गवत उतरत गेलं की घळ निमुळती होते, ओली होते आणि कातळाच्या ओठावर संपते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एक ओळखीचा, चांगला चढणारा माणूस माझं न ऐकता शंभरेक मीटर असा उतरला होता. पुढे जाता येईना आणि ओलं गवत परत चढवेना. गवत मुठीत धरून, बुटांची टोकं मातीत रुतवत त्याला वर यायला पाऊण तास लागला. वर आल्यावर तो बोलला नाही, मीही बोललो नाही. चूक माझीही होती. मी मागे राहिलो होतो.

आकड्यांत बघा. धारेपासून रस्ता आडवा दीड किलोमीटरभर, उभा साडेआठशे मीटर. सरासरी उतार तीसेक अंशांचा निघतो. ऐकायला वाईट नाही, पण ही सरासरी आहे. वरच्या भागात उतार याहून कितीतरी उभा, तळाशी दरडींनी आणि ओहोळांनी आणून टाकलेल्या गाळाचे पंखे पसरलेत ते सपाट. मधला हिशेब कड्यांनी भरून काढलाय.

नकाशावर हे का दिसत नाही, असंही विचारलंय. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा २५ हजारांत एक प्रमाणाचा नकाशा उत्तम असतो, तोच घ्या. पण त्यात समोच्च रेषा दर १० मीटरला आहेत. दोन रेषांच्या मध्ये आठ मीटरची खाच असेल तर नकाशाच्या लेखी ती नाहीच. शिवाय या प्रमाणात एक मीटर रुंदीची धार कागदावर ०.०४ मिलिमीटर होते, छापायची म्हटली तरी छापता येणार नाही. म्हणजे ज्या खाचांवरून धारेला नाव पडलं, नेमक्या त्याच नकाशात नाहीत. फोनवरच्या निळ्या रेघेवर तर अजिबात विसंबू नका.

प्रत्यक्ष चाल नेहमी पूर्वेकडून पश्चिमेकडे करायची. एक तर सुरुवातीचा वाहनतळ दीडशे मीटरच्या आसपास आहे, चढ थोडा वाचतो. खरं कारण वेगळं आहे: आम बोडाखवरून पुढे निघाल्याबरोबर वीसेक मीटरचा कातळटप्पा उतरावा लागतो आणि तो धारेवरच्या कठीण जागांपैकी एक आहे. तोंड कातळाकडे करून उतरायचं, पाय चाचपत. ज्याला तिथे दृष्टिभयाने थरथर सुटते त्याने तिथूनच परत फिरावं, त्यात कमीपणा काहीच नाही. परीक्षा दारातच होते हे बरं. त्यानंतर म्याल जेरागपर्यंत जरा मोकळं आहे. पुढे जुन्या कुंपणाचे गंजके लोखंडी खांब दिसतात, ते कुणी आणि कसे वर आणले असतील याचं मला अजून नवल वाटतं. मग एक ‘चिमणी’, म्हणजे कातळातली उभी अरुंद फट, येते आणि तिच्यानंतर ‘क्रेझी पिनॅकल्स’ नावाचे सुळके. धार इथे काही पावलांपुरती टेबलाच्या कडेइतकी उरते. पकडी मोठ्या आहेत, खडक कोरडा असला तर भरवशाचा आहे, हजारो बुटांनी घासून तो गुळगुळीत मात्र झालाय. ओला ऱ्हायोलाइट साबणासारखा लागतो. स्क्रॅम्बलिंगच्या, म्हणजे हातापायांनी कातळावर चढण्याच्या, भाषेत ही दुसरी श्रेणी. हरिहरच्या पायऱ्या किंवा कलावंतीण चढला असाल तर दृष्टिभयाची तोंडओळख झालीय, पण तिथे कुणीतरी पायऱ्या खोदून ठेवल्यात. इथे तसं काही नाही आणि ही अवस्था दोन-तीन तास चालते.

हवेचं गणितही वेगळं आहे. उत्तरेला समोर दिसणाऱ्या बेन नेव्हिसच्या (१३४५ मीटर) माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात वेधशाळा होती. तिथे वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला आणि वार्षिक सरासरी तापमान शून्याच्या किंचित खाली निघालं. महाबळेश्वरचा पाऊस याहून जास्त, पण तो चार महिन्यांत उरकतो. इथे तो बारा महिने पुरवून पुरवून पडतो, त्यामुळे खडक पूर्ण कोरडा मिळणं हे नशीब. अक्षांश सुमारे ५६.७ अंश उत्तर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम दहा अंश वर येतो. एकदा फेब्रुवारीत धारेवर माझा डावा बूट कोरड्या खडकावर होता आणि उजवा बूट काचेसारख्या पातळ बर्फावर, मध्ये वितीचं अंतर. दक्षिण अंगाला ऊन लागलं होतं, उत्तर अंगाला महिनाभर लागलं नसावं. हिवाळ्यात ही धार म्हणजे दोर, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे लोखंडी दात) आणि बर्फकुऱ्हाडीची गिर्यारोहण मोहीमच, त्याचा विचार तुम्ही करू नका.

जूनमध्ये मात्र रात्री दहापर्यंत उजेड असतो, हा तुमचा मोठा फायदा. एकूण सहा ते नऊ तास धरा. जोराचा वारा किंवा पावसाचा अंदाज असेल तर तो दिवस सोडा. डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज रोज प्रसिद्ध होतो, शहराचा अंदाज बघून निघू नका. परवानगी लागत नाही. २००३ च्या स्कॉटलंडच्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला डोंगरात फिरण्याचा हक्क दिलाय. अडकलात तर ९९९ लावून पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. येणारे लोक स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत.

उतरण्याबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. स्गोर नाम फिआनीवरून सरळ दक्षिणेला लोख आख्ट्रियोख्टनकडे घसाऱ्याची वाट जाते. ती गुडघे खाते आणि वरच्यांच्या पायाखालचा दगड खालच्यांच्या डोक्यावर येतो. त्याहून वाईट म्हणजे क्लाखेग घळीच्या काठाने उतरणारी वाट. ती खालच्या जुन्या हॉटेलच्या दारात उतरते, म्हणून दमलेल्या माणसाला खुणावते. तिथे पुष्कळ अपघात झालेत. मी कुणालाही तिने नेत नाही. पश्चिमेला चालत राहा, पॅपच्या अलीकडच्या खिंडीत उतरा आणि तिथून मळलेल्या वाटेने ग्लेनको गावाकडे. तासभर जास्त जातो. खरोखरच मध्ये संकट आलं तर म्याल जेरागवरून उत्तरेची सोंड काओलास-ना-कोनकडे उतरते. बाहेर पडाल ते लोख लेवनच्या काठावर, गाडीपासून डोंगराच्या पलीकडच्या बाजूला. पण चालत पडाल.

चौघांपैकी एकालाही कातळावर उतरण्याची सवय नसेल तर एक पर्याय देतो. आल्टनाफी इथून डेव्हिल्स स्टेअरकेसने ५४८ मीटरच्या खिंडीत चढा, पश्चिमेला वळून स्टोब विक वार्टिन, मग आ खाल्याख (९०३ मीटर) असं करत आम बोडाखच्या माथ्यावर या आणि तिथून आल्या वाटेने परत. हात लावायची गरज जवळजवळ पडत नाही, वर्तुळाकार भ्रंश वाटेत लागतो आणि पुढची सगळी करवत समोर पसरलेली दिसते.

आणि धार पुरी करणार असाल तर गाडीचं आधी ठरवा. सुरुवात आणि शेवट यांच्यात सात-आठ किलोमीटरचा वर्दळीचा रस्ता आहे, त्याला धड पदपथ नाही. एक गाडी सकाळीच ग्लेनको गावात लावून ठेवा. जूनच्या संध्याकाळी वारा पडला की मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचे थवे उठतात. धारेवर त्या नसतात, वाहनतळावर बूट सोडायला वाकलात की नक्की असतात. डोक्यावरून घ्यायची जाळी त्या गाडीतच ठेवा, सॅकमध्ये नको.